साडेपाच तासांची दुरुस्ती

३ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहायचं ठरवलं. मोठी माणसं लिहितात.
लातूरच्या डेअरीनं स्पर्धा काढली हाय. या महिन्यात १९ तारखेपर्यंत ज्या गावचं दूध रोज वेळेवर जमा होईल, त्या केंद्राला दूध गार करायची टाकी. निकाल २० तारखेला, कंप्युटर बघून. आमच्या केंद्रात कंप्युटर मी चालवते, म्हणजे टाकी आलीच. चौथी नापास असले म्हणून काय झालं? बटणाला चौथी लागत न्हाई.
टाकीची जागा झाडून घेतली.

५ फेब्रुवारी
सकाळी साडेसहाचं दूध, पावतीवर मात्र रात्रीचा एक. धोंडाबाईनं सुनेकडून वाचून घेतली आन आली नाचत. म्हणली, "अंबिका, माझी म्हैस रात्री एकला उठून दूध घालून येती, आन मलाच ठावं न्हाई व्हय?" सगळ्या बाया हसल्या. मी न्हाई हसले. शेजारच्या गावात मनकर्णाबाईच्या केंद्रात असं झालं असतं, तर हसले असते.

६ फेब्रुवारी
लातूरच्या डेअरीत श्रीशैलला फोन लावला. हे नवं सॉफ्टवेअर त्यानंच बसवलं. म्हणला, "अक्का, तुमचा कंप्युटर विंडोजचा, आमचा इथला लिनक्सचा. इथल्या डेटाबेसनं विलायतेची वेळ धरली. टाइम झोन भारताचा करायचा राहून गेला. मी करतो चार दिवसांत. तुम्ही कशाला हात लावू नका."
चार दिवस! तेवढ्यात दूध नासतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
फरक साडेपाच तासांचा. मी आमच्या कंप्युटरचं घड्याळ साडेपाच तास पुढं केलं. पावती बरोबर! शिकलेले लोक उगं वेळ घालवतात. श्रीशैलला सांगितलं न्हाई. त्याला वाईट वाटंल.

९ फेब्रुवारी, रात्री बारा (कंप्युटरप्रमाणं. भाईर अजून उजेड हाय.)
मालक केंद्रात आले, घड्याळ बघून घाबरले. म्हणले, "अगं, मध्यरात्र झाली, स्वैपाक कवा करणार?" माणसानं खिडकीतून बघावं.

११ फेब्रुवारी
श्रीशैलनं त्याचं काम केलं आन सगळं बिघडवलं. सकाळचं दूध पावतीवर दुपारी बारा! फोन करून झापला. म्हणला, "आता तर बरोबर पाहिजे. अक्का, तुम्ही हात लावला न्हाई ना?" मी म्हणले, "मला दुसरा उद्योग न्हाई का?" हे काय खोटं न्हाई. प्रश्नाला प्रश्न केला.
ज्या औषधाचा गुण आला, तेच परत द्यायचं. घड्याळ अजून साडेपाच तास पुढं.

१२ फेब्रुवारी
जमलं! सकाळच्या पावतीवर साडेपाच, संध्याकाळच्या पावतीवर पाच. दूध घेतलं त्याच्यापरीस तासभर लवकरच दिसतं. आपल्या फायद्याची चूक काढू नये. आकड्याम्होरं इंग्रजीत दोन अक्षरं येतात, ती शोभेची. धोंडाबाईची सून बिलोलीला माहेरी गेली, त्यामुळं तक्रारबी न्हाई.

१९ फेब्रुवारी
जरीची साडी इस्त्री केली. भाषण पाठ. "मी शिकले न्हाई, पण कंप्युटर माझ्याकडून शिकला." इथं टाळ्या पडतील. थांबायचं.

२० फेब्रुवारी
लातूर. साहेबांनी सगळ्या केंद्रांचे कागद पडद्यावर लावले. आमचा आला तवा चष्मा पुसला. म्हणले, "या गावात रोज सकाळचं दूध संध्याकाळी पडतं आणि संध्याकाळचं दुसऱ्या दिवशी पहाटे. आत्ता दुपारचे बारा वाजलेत, आणि यांचं आज संध्याकाळी साडेपाचचं दूध जमा झालंसुद्धा!" सगळा हॉल हसला. श्रीशैल डोकं धरून बसला. त्याचं डोकं नेहमीच दुखत असंल.
टाकी मनकर्णाबाईला. हार घालून खाली आली तशी म्हणली, "अंबिका, एवढी पुढारलेली म्हैस आम्हालाबी दाखव की गं."
तरी मंचावरून सगळ्यांत जास्त येळ आमच्याच केंद्राचं नाव घेतलं.

२१ फेब्रुवारी
श्रीशैलनं घड्याळ सरळ केलं, वर कुलूप घातलं. पासवर्ड त्याच्याकडंच. पावती बरोबर निघाली. धोंडाबाईला त्याचंबी हसू.
साहेबांचा हुकूम आला. उद्यापासून आमचं दूध मनकर्णाबाईच्या टाकीत. कॅन घेऊन मीच जायचं. तिनं निरोप धाडला हाय, सातच्या पुढं आलीस तर घेणार न्हाई.