टेकडीवरून दिसणारं तळं आणि आमच्या अंगणातला पंप

तेच तळं टेकडीवरच्या खिडकीतून पाहणाऱ्याला अनमोल वाटतं आणि त्याच्या काठी राहणाऱ्याच्या नावापुढे शून्य पडतं, असं का? याचं उत्तर मला सापडलेलं नाही, आणि शोधायला वेळही उरलेला नाही. म्हणून मी, वय वर्षे सत्तावीस, घरातली पहिली पदवीधर, पाहणी विभागाची माजी कर्मचारी, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. मूत्रपिंडं नाहीत, पण कायदा त्यांच्याबद्दल विचारत नाही.

१. राहतं घर आईला, तिच्यामागे दादाला. बाबांनी ते माझ्या नावावर केलं होतं. म्हणाले, "कागद वाचणारीच्या नावावर कागद असावा."

२. सायकल दादाला. नाक्यावरच्या सरकारी नळावरून पाण्याचे दोन कॅन आणता येतील असा कॅरिअर बसवून घेतला आहे.

३. पाहणीच्या फॉर्मच्या प्रती शाळेतल्या बाईंना. चार वर्षांपूर्वी, तळं स्वच्छ ठेवायला महिन्याला किती द्याल, हे विचारत मी घरोघर फिरले. टेकडीवर लोकांनी चहा दिला, खिडकीतून तळं दाखवलं आणि मोठे आकडे सांगितले. आमच्या गल्लीत शेजारच्या काकू म्हणाल्या, "घाण कारखान्याची, वास आम्हाला, आणि पैसेही आम्हीच द्यायचे? अगं, शिकलीस की वाहवलीस?" पण दुसऱ्या दिवशी त्याच सगळ्यांशी बोलून आल्या. पैसे नाहीत, पण घरटी एक माणूस आठवड्यातून एक दिवस गाळ काढायला येईल, असं ठरलं होतं.

रकान्यात फक्त रक्कम लिहायची होती. नियम म्हणजे नियम, म्हणून मी एकेचाळीस घरांपुढे शून्य लिहिलं. आमच्याही. या काठच्या रहिवाशांना तळ्याचं मोल नाही, असं अहवालात छापून आलं आणि सांडपाण्याचा पाइप टेकडीखालून हलवून आमच्या घरांमागे सोडला गेला. ती शून्यं माझ्या अक्षरातली आहेत. पाइपाविरुद्ध गल्लीने केलेल्या तक्रारीच्या सुनावणीत बाईंनी हे सगळं वाचावं, माझ्या चुकीसकट.

४. पाहणी विभागाच्या साहेबांना काही नाही. शून्याच्या जागी गाळ काढायचे दिवस लिहिता येतील का, हे मी उशिरा का होईना विचारायला गेले, तेव्हा ते म्हणाले होते, "भावनेला रकाना नसतो." गाळ काढणं ही भावना नव्हे, साहेब. एकदा उतरून बघा.

५. अंगणातला हातपंप. तो बाबांनी बसवला, अर्धी गल्ली त्यावर पाणी भरते. बाबा दीड वर्षापूर्वी माझ्याच आजाराने गेले. त्यानंतर मी पाणी तपासून घेतलं आणि 'पिण्यास अयोग्य' असा प्रयोगशाळेचा कागद पंपावर चिकटवला. दादाने कागद फाडला नाही, पाणीही सोडलं नाही. म्हणाला, "नळ दहा मिनिटांवर, पंप दहा पावलांवर. लोक कुठलं पितील, तूच सांग." आई म्हणते, "त्यांच्या हातचं पाणी आहे, मला गोडच लागतं." मी समजावलं, भांडले, रडले. वहिनीला सातवा महिना आहे. तीही तेच पाणी पिते.

पंप मी कोणालाही देत नाही. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं, आणि बाळ माझ्या जाण्याची वाट बघणार नाही. आज सकाळी वहिनीला तपासणीला घेऊन आई आणि दादा दवाखान्यात गेले, तेव्हा मिस्त्रीकाकांकडून मी पंप उखडून घेतला, नळ्या वर ओढून काढल्या आणि बोअरच्या तोंडापर्यंत काँक्रीट भरून घेतलं.

साक्षीदार: पंप-मिस्त्री (सही).
शेजारच्या काकू (अंगठा; रागावल्या आहेत, तरी दिला).

स्थळ: राहतं घर. शनिवार, सकाळचे अकरा. ती मंडळी अजून परतलेली नाहीत. काँक्रीट आवळलं आहे.

लिहून देणार (सही)