नाही मी मागितला

मुक्काम डोंबिवली, तालुके कल्याण
माघ वद्य पंचमी, शके १८०६

गोपीनाथदादास गोदाचा नमस्कार.

वर 'तीर्थस्वरूप' लिहायला घेतले होते, पण हात अडला. नमस्कार मात्र खरा आहे. तू वडील भाऊ, तो तुला चुकत नाही.

इकडे बरे चालले आहे. लक्ष्मीच्या पडवीत राहते, तिच्याबरोबर भात कांडते आणि गावातल्या लोकांचे कागद वाचून दाखवते. लक्ष्मी जातीने आगरी. तुरुंगात आम्ही दोघी एकाच जात्यावर दळत होतो, तेव्हा आता सोवळे कसले पाळायचे? केसही वाढू दिले आहेत. वहिनींना सांगू नकोस, उगाच कपाळाला हात लावतील.

तुझे पत्र परवा मिळाले. खटला झाल्यापासूनचे पहिलेच. मी दिवाळीत सुटले तेही तुला कोणाकडून तरी कळले असेल, कारण घ्यायला कोणी आले नव्हते. असो. अक्षर अजून तसेच टपोरे आहे. 'शालूची प्रकृती तीन महिने नरम आहे आणि तुला त्या काढ्याची माहिती आहे, तरी त्यात काय काय घालतात ते उलट टपाली कळवावे.' दादा, तुझी शालू पंधरा वर्षांची पोर, दोन वर्षांपूर्वी कुंकू पुसलेली. तिला तीन महिने काय झाले आहे ते ओळखायला वैद्य लागत नाही.

आणि अगदी शेवटी, जाता जाता, तू आणखी एक ओळ घातली आहेस: 'जबानीच्या नकलेत स्वल्पविराम नजरचुकीने पुढेमागे झाला, ते मनात धरू नये.'

मी ती ओळ लक्ष्मीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "सलपइराम म्हंजे कोन गो? तुजा दीर?" खूप दिवसांनी हसले.

नौपाड्याच्या घरी तू ते नवे व्याकरण घेऊन आलास तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मोडीत असले विराम नसतात, सगळे एका दमात. तू पाटीवर शिकवलेस, 'पण'च्या आधी थांबायचे, कारण तिथे बोलणे वळते. 'आणि'च्या आधी थांबायचे नाही, कारण तो दोन गोष्टी बांधतो. मी आईच्या धुण्याच्या यादीतसुद्धा विराम घालत असे आणि तू चिडवायचास, गोदे, पाटीला कांजिण्या आल्या का? तेव्हा मला तुझ्यापेक्षा शहाणा माणूस जगात दुसरा वाटत नव्हता.

आता नकलेचे बोलू. कचेरीत मी उभी राहून जे सांगितले ते कारकुनाने मोडीत उतरून घेतले. माझे शब्द मला पाठ आहेत. 'काढा मामंजींनी दिला नाही मी मागितला पण प्याले मी.' साहेबाला मोडी येत नव्हती, म्हणून बालबोधीत नक्कल करायला ती जबानी तुझ्याकडे आली. आरोपी आपली बहीण आहे हे तू तिथे कोणाला सांगितले नाहीस. तिथली नोकरी तुला मामंजींच्याच शब्दावर लागली होती, हेही नाही.

दोन दिवसांनी नक्कल वाचली गेली. वाचणारा 'नाही'पाशी थांबला. 'काढा मामंजींनी दिला नाही, मी मागितला.' मी ओरडले, की तिथे थांबू नका, त्याच्या आधी थांबा. साहेबाने मला गप्प बसवले. बाई घाबरली आहे, असे म्हणाला.

एवढ्यावर मी तुला सोडले असते. विराम चुकतो. मी म्हटले असते, दादाचे डोळे शिणले असतील.

पण पुढे तो वाचणारा काय म्हणाला? 'मी मागितला आणि प्याले मी.' माझा 'पण' कुठे गेला, दादा? 'मी मागितला पण प्याले' असे कोणी बोलत नाही, त्याला अर्थच लागत नाही. ते तुझ्या ध्यानात आले. मग तू 'पण' खोडलास, तिथे 'आणि' लिहिलास आणि नियमाप्रमाणे त्याच्या आधी विरामही दिला नाहीस. नजरचुकीने एवढे शुद्ध व्याकरण होत नाही.

कायद्यात काय आहे ते तुला माझ्याआधी ठाऊक होते. बाईने न मागता पाजला तर पाजणाऱ्याला दहा वर्षे. मागून प्यायली तर बाईला तीन. मला दोन मिळाली, साहेब दयाळू. मामंजी त्याच दिवशी जेवायला कल्याणला घरी पोचले. आणि ज्यांचे ते पोर होते त्या माझ्या दिरांना, सहदेव भावोजींना, कसलेच कलम लागत नव्हते, म्हणून त्यांचे नावही कोणी विचारले नाही.

असा कायदा असावा की नसावा, यावर मी दळताना पुष्कळ विचार केला. तो नसता, तर काढा चोरून उकळावा लागला नसता. शहाणा डॉक्टर दिवसाढवळ्या आला असता आणि मी आठ दिवस रक्तात पडून राहिले नसते. पण तो नसता, तर मामंजी उजळ माथ्याने पाजून मोकळे झाले असते, हेही खरे. म्हणजे भांडण काढ्याचे नाहीच. मला कोणी विचारले नाही, याचे आहे. कायदा करणाऱ्यांनीही नाही.

आता जे कोणाला सांगितले नाही ते सांगते. मला विचारले असते, तर मी कदाचित तो काढा मागितलाही असता. त्या घरात, त्या पोराला घेऊन, मी कुठे जाणार होते? कदाचित नसताही मागितला. रोज वेगळे वाटे. ते 'कदाचित' तेवढे माझे होते, दादा. मामंजींनी ते वाटीत घालून पाजले आणि तू ते खोडून शुद्ध केलेस. तुझा मला राग येतो आणि तो जात नाही.

काढ्यात काय होते ते मला माहीत नाही. माहीत असते तरी कळवले नसते, मी त्यात मरता मरता राहिले. तुझे पत्र ऐकून लक्ष्मीने एकच विचारले, "आगो, पोरीला कोनी इचारलाय का?" तुझ्या चार पानांत शालूचे एकही वाक्य नाही.

तिला इकडे पाठव. दिवसा पाठव, डोक्यावर पदर ओढून लपवून नको. ठेवायचे म्हणाली तर पडवीत दोघांना जागा आहे. नको म्हणाली तर चांगला डॉक्टर मी शोधीन आणि कोणी विचारलेच, तर या वेळी खरोखर मी मागितला असे सांगेन. तुरुंगाची वाट मला पाठ आहे. येण्याआधी तिला काही लिहायचे असेल तर लिहू दे. तू शुद्ध करू नकोस.

खालच्या सहीत मी विराम दिलेला नाही, मोडीसारखीच सोडली आहे. शालू गाडीत बसली की नाही ते बघ आणि मग तो कुठे द्यायचा ते तूच ठरव. तुला ते चांगले जमते.

तुझी बहीण नाही फक्त शालूची आत्या
गोदा