लाखेखालचा आवाज

कायझर्सलाउटर्न,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. भास्करकाकांस,
मुक्ताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर टाइप करायचा तुम्हाला कंटाळा, म्हणून हे पत्र. मी पाकिटाला तिकीट चिकटवताना पाहून लॅबमधले लोक हळूच हसतात. हसू देत.

काकूचा मेसेज आला. कानाचं ऑपरेशन तुम्ही पुन्हा पुढे ढकललंत म्हणे. एका कानाची नसच गेलेली, दुसऱ्यात जेमतेम उरलंय, आणि यंत्र बसवलं की तेही जाणार, पुढचं सगळं यंत्रातून ऐकायचं, हे मला समजतं. पण फार उशीर केला तर यंत्राचाही उपयोग होणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय ना? त्यावर तुम्ही म्हणालात, दादाच्या डब्याचा आवाज एकदा ऐकेन, मगच कानाला हात लावू देईन. काका, पोळीभाजीच्या डब्यात सर्किट बसवून बाबांनी तुमच्या गिटारसाठी केलेला तो डबा दिवाळीत तुम्हीच माझ्या बॅगेत टाकलात. म्हणजे तुमचा कान आता माझ्या टेबलावर येऊन पडलाय.

मयुरेशची गिटार आणून लावून पाहिली. हा आमच्या लॅबमधला कोथरूडचा मुलगा, गिटार दोन वर्षं कपाटावर ठेवणारा. डब्याचं बटण पायाने दाबलं की नुसती खरखर. सूर फाडून, लांबवून, गहिवरल्यासारखा करणारा तुमचा तो आवाज कुठेच नाही. आत पाहिलं तर बाबांनी सगळ्यावर आपल्या सोनारकामातली लाख ओतून ठेवलेली. तुम्ही हो म्हणालात तर ती काढते, आतला एकेक भाग ओळखून नकाशा मांडते आणि कुठे बिघडलंय ते शोधते.

इथे धुकं उतरलंय. विद्यापीठामागचं जंगल दुपारीच दिसेनासं होतं. बाबा जिथे बसून काम करायचे ती पुण्यातली पत्र्याची खोलीही त्याच्यामागे कुठेतरी असेल, फक्त दिसत नाहीये, असं उगाच वाटत राहतं.

लोभ आहेच, तो काकूच्या मेथीच्या लाडवांसकट वाढावा.

आपली,
मुक्ता

पुणे,
३ डिसेंबर २०२४

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या काकूने तुला वकीलपत्र दिलेलं दिसतंय. असो. लाख काढ, पण हळू काढ.

ती का ओतली ते सांगतो. गणपतीत आमच्या ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम असायचे, आणि दुसऱ्या ऑर्केस्ट्रातले गिटारवाले मध्यंतरात चहाच्या निमित्ताने येऊन डबा उलटासुलटा करून पाहायचे. म्हणून लाख. ट्रान्झिस्टरवरचे नंबरही दादाने ब्लेडने खरवडून टाकले. आत काय आहे ते मला, सख्ख्या भावालासुद्धा, सांगितलं नाही. माझ्या पोटात काही राहत नाही असं त्याचं मत होतं, आणि ते बरोबर होतं.

ऑपरेशनचं म्हणशील तर मला भीती वाटते. यंत्रातून तुमचे सगळ्यांचे आवाज येतील, पण दादाचा कुठून येणार? त्याचं बोलणं कसं होतं ते मी कधीच विसरलो. आम्ही कधी टेप केलं नाही. डब्याचा आवाज तेवढा आठवतो, आणि हल्ली तोही नीट आठवत नाही. दादा गेला तेव्हा तू दहा वर्षांची होतीस, तुला काय आठवणार.

थंडीत कानटोपी घाल. तुझे कान तरी शाबूत राहू देत. आमचा लोभ न सांगताही आहे.

तुझा,
भास्करकाका

कायझर्सलाउटर्न,
१२ जानेवारी २०२५

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

लाख निघाली. गरम हवेने मऊ करायची आणि लाकडी काडीने सोलत जायचं. तिचा वास खोलीभर पसरला. बाबांच्या शर्टाला असाच वास यायचा, तो लाखेचा हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं.

आत फार काही नाही. दोन ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टर, थोडे कपॅसिटर. पण लाखेने रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे सगळे तांबूस करून टाकलेत, तपकिरी कोणता आणि लाल कोणता ते कळेना. मग प्रत्येकाचा एकेक पाय सोडवून मोजलं. नकाशा पुरा झाला. एक टाका सुटलेला सापडला, तो लावला. शिवाय दोनांतला एक ट्रान्झिस्टर खराब निघाला. तो बंद असतानाही त्यातून करंट झिरपतो. दोन्ही जर्मेनियमचे, नावच या देशावरून पडलेलं. खरं म्हणजे इथे माहेरी आल्यावर तरी त्याने नीट वागायला हवं होतं. न्युरेम्बर्गच्या एका जुन्या दुकानातून तसाच, पण निर्दोष ट्रान्झिस्टर मागवून बसवला.

आणि काका, डबा वाजला. पण माझं मन काही भरलं नाही. आवाज स्वच्छ, शहाण्या मुलासारखा. घरमालकीणबाईंनी भिंतीपलीकडून ऐकला आणि जिन्यात भेटल्यावर फार 'ऑर्डेंटलिश', म्हणजे टापटीप आहे म्हणाल्या. तेव्हाच मला शंका आली.

परवा स्वप्नात बाबा पाठमोरे बसून काहीतरी जुळवत होते. बोटं हलत होती, ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. तुम्हाला रोज असंच वाटत असेल का?

कळावे. रागावलात तरी लोभ कमी करू नये.

आपली,
मुक्ता

पुणे,
३० जानेवारी २०२५

चि. मुक्तास,
आशीर्वाद.

रागावलोच आहे. काढलेला ट्रान्झिस्टर फेकला नाहीस ना? फेकला नसशील तर पुढचं वाच.

दादा जुन्या बाजारातून मोडके रेडिओ किलोने आणायचा. त्यांतले ट्रान्झिस्टर काढून एकेक डब्यात लावून बघायचा, आणि मी प्रत्येकावर तीच तान वाजवायची. चांगले निघालेले तो रेडिओदुरुस्तीला ठेवायचा. झिरपणारे, बिघडलेले म्हणून दुसरा कुणी फेकेल असे, ते वेगळ्या बाटलीत. डब्यासाठी त्यांतलेच निवडायचा. तू नेमका तोच दोष म्हणून काढलास. एवढं शिकवून काय उपयोग झाला!

हे सगळं मे महिन्यात चालायचं, कारण तोवर लग्नसराईचे दागिने घडवून झालेले असायचे आणि त्याला फुरसत असायची. पत्रा तापलेला, आम्ही दोघं डोक्यावर ओले पंचे टाकून. पुढे गणपतीत मांडवातही दिव्यांखाली तसंच उकडायचं. एकदाच काय ती डिसेंबरात लोणावळ्याला कार्यक्रमाची सुपारी मिळाली होती, आणि डबा ऐनवेळी रुसला. दादा तो स्वेटरच्या आत पोटाशी धरून विंगेत बसला. मला वाटलं, याला वेड लागलं. पण त्यानंतर डबा सुरेख वाजला. कारण विचारलं तर हसला.

काकू ऑपरेशनची तारीख घेऊ का विचारते. मी तुझ्याकडे बोट दाखवतो. लोभ तूर्त राखून ठेवलाय, काम झाल्यावर मिळेल.

भास्करकाका

कायझर्सलाउटर्न,
१८ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले आणि मग रडले. माझा प्रबंधच मुळी उष्णतेने सेन्सर कसे चळतात यावर आहे. रोज तेच मोजते, आणि घरचा डबा खिडकीशी हिवाळ्यात ठेवून त्याला खराब ठरवते. जर्मेनियम उष्णता वाढली की जास्त झिरपतो. बाबांनी तो ट्रान्झिस्टर त्या खोलीतल्या उन्हाळ्यावर जुळवला होता.

जुना ट्रान्झिस्टर परत बसवला. डबा हायट्सुंगवर, म्हणजे खोली तापवायच्या नळ्यांवर, ठेवला आणि कॉफी करून आले. बाहेर बर्फ पडत होता. मग एकच तार छेडली. सूर उमटला, फाटला, आणि विझायच्या ऐवजी भरत गेला, जसा काही खोलीतल्या भिंतींनाच तो सोडवत नव्हता. मी डोळे मिटले तर पत्र्याखाली बसल्यासारखं गरम झालं. बाबा काय ऐकत होते ते मी पहिल्यांदा ऐकलं. घरमालकीणबाईंनी भिंतीवर थाप मारली, आणि मला विलक्षण आनंद झाला.

मयुरेश मार्चअखेर पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर डबा पाठवते. विमानतळावर वायरी भरलेला पोळीभाजीचा डबा कसा समजावून सांगायचा, याची तो आतापासून तालीम करतोय. तुम्ही घाई करू नका. एप्रिलच्या दुपारी, गच्चीवर.

आता राखून ठेवलेला लोभ सोडावा.

आपली,
मुक्ता

पुणे,
१४ एप्रिल २०२५

चि. मुक्तास,
पोटभर आशीर्वाद.

काल दुपारी डबा गच्चीवर उन्हात तापवला, अॅम्प्लिफायर कानाशी घेतला आणि वाजवलं. खरं सांगतो, मनात होता तेवढा मोठा तो आवाज नव्हता. माझा कानही आता तेवढा नाही. पण एक सूर मी ताणून धरला आणि तो भरत गेला, तेव्हा दादा मान हलवून, हा नको, पुढचा लाव, म्हणायचा ते आठवलं, आणि त्याचं बोलणंही आठवलं. पुरे आहे तेवढं. काकू वर येऊन आवाज कमी करा म्हणाली. हे मला कुणी म्हणून किती वर्षं झाली असतील.

पुढच्या सोमवारी ऑपरेशन. यंत्र सुरू व्हायला आणखी महिनाभर. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला माणसांचे आवाज फाटके, चिरके, पत्र्यावर घासल्यासारखे येतील. काही लोक घाबरून यंत्र काढून ठेवतात. मी त्यांना म्हटलं, फाटक्या आवाजातला सूर ओळखायची मला सवय आहे, माझ्या भावाने लावलीय.

यंत्र सुरू झालं की काकू तुला फोन लावेल. पहिल्यांदा मला काहीच कळणार नाही. तू पत्र लिहितेस तशीच बोलत राहा, थांबू नकोस. मी ओळखेन.

तुझा,
भास्करकाका