जबड्यातलं टिचबटण

तीर्थस्वरूप दादांना,

साष्टांग नमस्कार. (खरं म्हणजे साष्टांगातलं एक अंग कमी धरा. हनुवटी सध्या कुठेही आपटायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, त्यामुळे हा नमस्कार जमिनीपासून चार बोटं वर थांबून केलेला आहे.) तुमची कंबर कशी आहे? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? वाकून रंधा मारू नका असं त्या सांगतात आणि तुम्ही ऐकत नाही, हे तुमच्या बहिणीकडून कळत असतं. इकडे आम्ही दोघं ठीक. दुकान ठीक. मशीनचा पट्टा बदलून घेतला. पत्राला कारण की, पत्राला तसं काही कारण नाही. (आपलं बोलणं बंद आहे हे माझ्या लक्षात आहे. पण बोलणं बंद म्हणजे लिहिणंही बंद, असं कुठे ठरलं होतं?) निव्वळ माहितीसाठी कळवतो, की माझ्या खालच्या जबड्याचं काम झालं आणि ते फसलं नाही. फसणार असं तुमचं म्हणणं होतं, म्हणून मुद्दाम कळवतोय.

आधी थोडं मागचं सांगतो. वरचे दात माझे स्वतःचे आहेत. खालचे मात्र एकेक करत सगळे गेले आणि त्यांच्या जागी कवळी आली. वरची कवळी म्हणे टाळूला चिकटून राहते. खालचीला चिकटायला काही नसतंच. ती हिरडीवर नुसती ठेवलेली असते आणि जिभेने दाबून धरायची असते. आता जीभ बोलायला वापरायची की कवळी धरायला? गिऱ्हाइकाची मापं सांगताना 'छाती छत्तीस' म्हटलं की ती उठायची, 'बाही' म्हटलं की बसायची. त्यात दात गेले की खालचं हाड झिजत जातं. माझं इतकं झिजलं की कवळी ओल्या साबणासारखी सरकायची. म्हणून मी बोलणं कमी केलं. हसणं तर सोडूनच दिलं. अगदीच वेळ आली तर तोंडावर हात धरून, गाल आतून आवळून, नाकातून हसायचं. लोक म्हणायला लागले, मास्तर हल्ली फार आखडून असतात. मी आखडलो नव्हतो दादा, मी कवळी धरून बसलो होतो.

आणि मग तुमच्याकडचा तो प्रकार. तुम्ही विसरला असाल. (विसरला नसाल. येणाऱ्याजाणाऱ्याला तुम्ही तो अजून सांगता, असं कळतं.) तुमच्या कारखान्यात आपण सगळे बसलो होतो, स्टोव्हवर लाकूड चिकटवायचा सरस गरम होत होता आणि तुम्ही त्या मालगोदामातल्या लठ्ठ कारकुनाची गोष्ट सांगत होता. कपाट ठरल्यापेक्षा लहान झालंय असा त्याला संशय येतो, म्हणून तो स्वतःच आत शिरून बघतो, मागून दार लागतं, तेवढ्यात हमाल येतात, कपाट उचलतात, आणि आतून... इथे मला आवरलं नाही. नाकातून यायचं ते तोंडातून आलं आणि कवळी थेट सरसाच्या भांड्यात. तुम्ही ती पकडीने बाहेर काढलीत, उजेडात धरलीत आणि म्हणालात, "मास्तर, ही राहू द्या, मी तुम्हाला सागवानाची करून देतो." मंडळी हसून लोळली. वहिनीसुद्धा. तुमची बहीणसुद्धा. मी कवळी तासभर गरम पाण्यात घासली, मिळेल त्या बसने परत आलो आणि पुन्हा तुमच्या दारात पाऊल ठेवणार नाही असं जाहीर केलं. त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून ही एकटीच माहेरी येते आणि एकटीच परत जाते. मी माझ्या म्हणण्यावर अजून ठाम आहे.

तर हे डॉक्टर. तरुण आहेत, लांबच्या देशात जाऊन हे नवं तंत्र शिकून आलेत. जबड्याच्या हाडात धातूचे स्क्रू बसवायचे, वरून हिरडी शिवून टाकायची आणि काही महिने गप्प बसायचं. तेवढ्यात हाड आपणहून स्क्रूला धरतं. धातू टायटॅनियम नावाचा, विमानात घालतात तो. मी विचारलं, माझ्याआधी किती जणांना बसवलेत? म्हणाले, इथे दोघांना, आणि शिकताना मेंढ्यांना. मी विचारलं, मेंढे कसे आहेत? ते म्हणाले, अजून कुणाची तक्रार नाही. मला उत्तर आवडलं नाही, पण माणूस आवडला. एक गोष्ट मात्र त्यांनी स्वच्छ सांगितली. माझं हाड जेमतेम दोन स्क्रूंपुरतं उरलंय. त्यांना धरलं तर धरलं. सुटले तर पुन्हा बसवायला हाडच राहणार नाही आणि मग जन्मभर नाकातून हसायचं. (शेवटचं ते म्हणाले नाहीत. मी म्हणतोय.)

त्याच सुमारास तुम्ही बहिणीला लिहिलंत, की जुन्या लाकडात स्क्रू घुसवला की एक तर लाकूड फाटतं, नाहीतर स्क्रू खेळतो. (पत्र मला दाखवू नकोस असं वर लिहिलं होतं, म्हणून मी ते आधी वाचलं.) खुर्चीत पडल्या पडल्या ती शंका मी डॉक्टरांच्या कानावर घातली, तुमचा उल्लेख न करता. तर त्यांनी अगदी तुम्ही द्याल तसं उत्तर दिलं. आधी बारीक भोक, मग जरा मोठं, मग त्याहून मोठं, सगळं सावकाश आणि वरून सतत पाणी, कारण हाड तापलं की संपलं. शेवटचे आटे त्यांनी हातानेच पिळले. जबडा बधिर होता, पण डोक्यात आवाज येत होता, पलंगाच्या पायात स्क्रू पिळताना तुमच्याकडे येतो तसला. तेव्हा मला तुमची आठवण झाली. फार नाही, थोडी. मग त्यांनी टाके घातले. ते मी घरी येऊन आरशात तपासले. प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ. एवढा दोरा वाया घालवणारा कारागीर मी माझ्या दुकानात ठेवला नसता. पुढच्या खेपेला तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, एक सुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. मला पटलं, पण मी चेहऱ्यावर दाखवलं नाही.

खरी परीक्षा पुढे होती. सुरुवातीला काही दिवस कवळी बंद. मग डॉक्टरांनी तिला आतून मऊ अस्तर लावून दिलं (अस्तर हा शब्द ऐकून मला जरा धीर आला) आणि सांगितलं, ही फक्त बोलण्यापुरती. पुढच्या दातांनी काहीही तोडायचं नाही. आता दादा, शिंपी दोरा कशाने तोडतो? माझ्या दुकानात टेबलावर कात्री आहे, मशीनवर कात्री आहे, खुंटीला कात्री आहे. दोरा मात्र दाताने तुटतो. माझे वडीलही तसाच तोडायचे. कात्री शोधून, उचलून, परत ठेवेपर्यंत दुसरं बटण लावून होतं. तुमच्या बहिणीला हे पक्कं माहीत, म्हणून तिने एक छोटी कात्री नाडीला बांधून माझ्या गळ्यात अडकवली. गिऱ्हाइकं विचारायची, मास्तर, हे कसलं बक्षीस? मी सांगायचो, वैद्यकीय आहे.

बरेच दिवस निभावलं. मग एका संध्याकाळी शाळेच्या मोठ्या बाई कोट घेऊन आल्या, बटण तुटलेलं, बाहेर नवरा गाडीचा हॉर्न वाजवतोय. मी सुई ओवली, बटण लावलं, खालून दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि कोट तोंडाशी नेऊन दोरा कचकन तोडला. कात्री गळ्यात लोंबत होती. दोरा तुटला आणि त्याचबरोबर तोंडात काहीतरी 'कट्' झालं. दोऱ्याचा आवाज मी जन्मभर ऐकत आलोय. हा दोऱ्याचा नव्हता. बाई कोट घालून निघून गेल्या आणि मी हात तोंडाजवळ धरून तसाच उभा राहिलो.

पुढचे दिवस माझे मलाच माहीत. हिला सांगायची छाती झाली नाही. (नाडी हिनेच बांधली होती ना.) डॉक्टरांकडे धावत जावं तर ते म्हणणार, सुटला. न जावं तर निदान कुणी तसं म्हणणार तरी नाही. म्हणून ठरलेल्या तारखेपर्यंत थांबलो. जीभ दिवसभर खाली चाचपायला जायची. चहा पिताना वाटायचं हललं, गप्प बसलं की वाटायचं जास्तच हललं. गिऱ्हाइकाच्या पॅन्टीचं एक तंगडं मी दोन बोटं आखूड कापलं, आणि माझ्या हातून असं कधी झालेलं नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी घाबरलो होतो दादा. दातांचं एवढं नाही, लापशी खाऊनही माणूस जगतो. पण आपण आता असेच राहणार, गाल आवळून, हात तोंडावर धरून, लोकांपासून चार पावलं लांब, हे मला सहन होईना. आणि वर तुम्ही बरोबर ठरणार होता.

शेवटी तारीख आली. डॉक्टरांनी हिरडी बधिर करून उघडली आणि एका धातूच्या दांडीने पहिल्या स्क्रूवर टकटक केली. तुम्ही फळीवर बोट वाजवून आतून पोकळ आहे का सांगता ना, तसंच. घट्ट बसलेला स्क्रू खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द वाजतो, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. (सांगायला नको होतं.) पहिला वाजला, टण्ण. मग दुसरा. त्यांनी एकदा वाजवला, मान तिरकी केली, पुन्हा वाजवला आणि तडक खोलीबाहेर निघून गेले. मी तोंड उघडं टाकून छताकडे बघत पडलो. मनातल्या मनात हिला सगळं सांगूनही झालं. तेवढ्यात ते परत आले, ते शेजारच्या दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना हाताला धरून. म्हणाले, ऐका, ऐका, असा आवाज मी शिकतानासुद्धा ऐकला नव्हता. आणि वाजवून दाखवला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, वा. माझा जीव भांड्यात पडला. (सरसाच्या नव्हे.)

मग मी दोऱ्याचं सांगून टाकलं. त्यांनी कवळी उजेडात धरून बघितली, तर मधोमध केसाएवढी चीर. तडकली होती ती कवळी. स्क्रू जागचे हलले नव्हते. ते थोडे रागावले, मग चीर सांधली आणि हिरडी भरून आल्यावर दोन्ही स्क्रूंवर एकेक गोल बोंडी बसवली. कवळीच्या आतल्या बाजूला दोन वाट्या. कवळी ठेवायची, बोटाने दाबायची, टिच, टिच, बसली. मी म्हटलं, डॉक्टर, हे तर टिचबटण. जन्मभर लोकांच्या झग्यांना आणि उशांच्या अभ्र्यांना मी जे लावत आलो, ते माझ्याच जबड्यात निघालं. ओढून बघितली, निघेना. घरी चालत आलो आणि रस्ताभर 'छाती छत्तीस, छाती छत्तीस' म्हणत आलो. एका बाईने मुलाला जवळ ओढून घेतलं. घरी ही सफरचंद चिरायला बसली होती. मी तिच्या हातातून अख्खंच घेतलं आणि पुढच्या दातांनी चावा घेतला. तुमची बहीण पदराने डोळे पुसत बघत राहिली. मला फार बरं वाटलं. मोकळं वाटलं. सगळं सफरचंद संपवलं, बिया सोडून.

काल शेवटची तपासणी झाली. डॉक्टरांनी विचारलं, बोलणं, खाणं, हसणं, सगळं जमतंय ना? मी म्हटलं, पहिली दोन जमतात. तिसरं अजून करून बघितलेलं नाही. तर ही सगळी हकीकत फक्त माहितीसाठी. उत्तराची अपेक्षा नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, तुमच्या कमरेला विश्रांती.

तुमच्या बहिणीचा नवरा,
मास्तर

ता. क. : दारात पाऊल ठेवणार नाही, हे वर लिहिलंय ते कायम समजावं.

ता. क. २ : हसून बघायचा प्रयत्न इथे केला. कापडवाल्याने दोन किस्से सांगितले, न्हाव्याने एक. तिन्ही वाया गेले. मग हिला विचारलं, की तो कारकून कपाटात, हमालांनी कपाट उचललं, आणि आतून काय? ही म्हणाली, मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही, दादाच्याच तोंडून ऐका. दोन वर्षं दादा, त्या माणसाला कपाटात कोंडलेला ठेवून मी रोज रात्री झोपतोय.

ता. क. ३ : तुमच्या कारखान्याला मागच्या बाजूनेही एक दार आहे, हे हिच्या लक्षात आलं. मी जे जाहीर केलं होतं ते पुढच्या दाराबद्दल होतं. रविवारी सकाळच्या बसने आम्ही दोघं येतोय, पिशवी भरून झाली आहे. नको म्हणू नका. गोष्ट पहिल्यापासून सांगा, काही गाळू नका. आणि सरस गरम करून भांडं मधोमध ठेवा, झाकण न घालता. मी अगदी समोर बसतो, हात मांडीवर ठेवून.