निलगिरी, अर्धा सेकंद

३ नोव्हेंबर, रविवार

बेचाळीस फोटो काढले. एकही धड नाही.

मास्तरीणबाई म्हणतात, "काका, कॅमेरा हलवा." सव्वीस वर्षं मी दुकानात गिऱ्हाइकांना एकच सांगत आलो — हलू नका. श्वास रोखून बटण दाबायचं हाडात भिनलंय. आणि आता साठीला आल्यावर सांगतात, झाडासमोर उभे राहा, शटर अर्धा सेकंद उघडं ठेवा आणि हात वरून खाली ओढा. झाडाच्या नुसत्या रेघा होतात. त्यात म्हणे झाड जास्त दिसतं. काय जास्त दिसतं कुणास ठाऊक!

हा वर्ग मुलीने वाढदिवसाला भेट दिला. "बाबा, दुकानात माश्या मारत बसण्यापेक्षा बरं." वाईट वाटलं. पण खोटं कुठे बोलली? हल्ली पासपोर्टचा फोटोसुद्धा लोक मोबाइलवर काढतात.

वर्ग गावाबाहेरच्या निलगिरीच्या रानात भरतो. ही पण येते बरोबर. तिला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. पंधरा मिनिटं चालते, मग येऊन आमच्याजवळ उभी राहते.

५ नोव्हेंबर

हलवला की चिखल येतो. नाही हलवला की झाडाचा पासपोर्ट फोटो.

७ नोव्हेंबर

मास्तरीणबाईंनी माझं मनगट धरून दाखवलं. बटण दाबायच्या आधी हात निघाला पाहिजे आणि दाबून झाल्यावरही थांबता कामा नये. मी नेमका बटणाशी थबकतो. "काका, तुम्ही फार नीट आहात." ही कौतुकाची गोष्ट आहे की तक्रार?

लेन्सवर लावायची काळी काच दिली. उजेड कमी येतो, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं. मला ती लावून समोरचं काहीच कळत नाही. पिशवीतच ठेवली.

१० नोव्हेंबर, रविवार

आज वर्ग नव्हता. आम्ही दोघंच सकाळी गेलो. ओढ्याजवळच्या उतारावर पाय चिखलात गेला, तोल गेला, पडता पडता वाचलो. ही म्हणाली, "समोर बघून चाला हो, झाडं कुठे जात नाहीत."

घरी येऊन फोटो संगणकावर घेतले. सगळे नेहमीसारखे वाईट. एक मात्र —

काय लिहू. निलगिरीची खोडं आहेत. पांढरी, राखाडी, मध्येच एक गुलाबी पट्टा. वरचा पाला खाली सांडल्यासारखा. कडा कुठेच नाही, तरी कुठली झाडं ती मी सांगू शकतो. पाचेक मिनिटं बघत बसलो. चांगला आहे का? सव्वीस वर्षं फोटो काढतोय आणि हे मला कळू नये!

हा मी कधी काढला? तोल गेला तेव्हा बोट लागलं असणार. दुसरं काय.

"तो पाठवा की मास्तरीणबाईंना," ही म्हणाली. पाठवला.

११ नोव्हेंबर

सकाळी सातला फोन! "काका, हे कसं केलंत?" मी म्हणालो, जमलं. जमलं काय म्हणतो मी. पण तोंडातून गेलं.

वाचनालयाच्या हॉलमध्ये वर्गातल्या सगळ्यांचं प्रदर्शन आहे. माझा फोटो सगळ्यांत मोठा लावणार म्हणाल्या.

१७ नोव्हेंबर, रविवार

त्याच जागी गेलो. त्याच वेळी. तोल गेल्याचं नाटकसुद्धा केलं — दोनदा. जाणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "काका, बरं वाटतंय ना?"

अठ्ठावन्न फोटो. सगळे चिखल.

२४ नोव्हेंबर, रविवार

प्रदर्शन. दारातून आत शिरलं की समोर माझाच. खाली पाटी: निलगिरी, अर्धा सेकंद. तिच्याखाली माझं नाव. एक गृहस्थ बराच वेळ उभे होते. म्हणाले, "लहानपणी गाडीच्या खिडकीतून असंच दिसायचं." त्यांचे डोळे पाणावले होते. माझ्या फोटोपुढे आजवर कोणी रडलं असेल तर ते पासपोर्टमधलं स्वतःचं तोंड बघून.

ही माझ्या मागे उभी होती. मुलगी आली होती, तिने चार जणांना सांगितलं, "माझे बाबा." फार बरं वाटलं. आणि आत कुठेतरी कुरतडत होतं. हे तर बोट लागून झालेलं. पाटीवर नाव कुणाचं लिहायचं, चिखलाचं?

२६ नोव्हेंबर

राहवलं नाही. वर्गात जाऊन सांगून टाकलं, मास्तरीणबाई, तो फोटो मी काढला नाही, तो पडला. चुकून.

त्या हसल्या. फोटो उघडून बाजूचे आकडे दाखवले. कॅमेरा म्हणे प्रत्येक फोटोसोबत हे लिहून ठेवतो. शटर अर्धा सेकंद. लेन्सचं तोंड बारीक केलेलं. "आणि काका, एवढ्या उन्हात अर्धा सेकंद म्हणजे काळी काच लावलेली. ती चुकून लागते होय?" मग फोटोचे नंबर बघितले. ४११७ च्या पुढचा एकदम ४१२१. मधले तीन काढून, बघून, पुसून टाकलेत. "उगाच विनय करताय."

मी काच लावली? तीन फोटो पुसले? मी कधी काही पुसत नाही. रानात आम्ही दोघंच होतो. ही कॅमेऱ्याला हात लावत नाही, म्हणजे मीच. आणि मला त्यातलं काहीही आठवत नाही.

२७ नोव्हेंबर

नानांचं, माझ्या वडिलांचं, असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा साखरेच्या डब्यात. मग बँकेत जाऊन कशाला आलो ते विसरले. शेवटी शेवटी मला "अहो फोटोवाले" म्हणायचे. मी मुलगा आहे हे गेलं, माझा धंदा तेवढा राहिला. तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते.

मी साठ.

२८ नोव्हेंबर

एकोणतीसचा पाढा म्हणून बघितला. साताशी अडकलो. मग आठवलं, शाळेतही तिथेच अडकायचो, गुरुजींचा मार खाल्लेला. हे आठवलं म्हणजे चांगलं की वाईट? जुनं तर नानांनाही आठवायचं.

३० नोव्हेंबर

डॉक्टरांकडे जाऊन आलो. हिला सांगितलं, दुकानाचा कागद आणायला जातोय. डॉक्टरांनी तारीख विचारली, घड्याळ काढायला लावलं, तीन शब्द दिले. खुर्ची, किल्ली, पाऊस. पाच मिनिटांनी तिन्ही सांगितले. "छान आहात की," म्हणाले. मी निलगिरीचं सांगितलं. ते जरा थांबले. "तीन महिन्यांनी पुन्हा या."

ते थांबले का?

१ डिसेंबर, रविवार

रानात गेलो नाही. गुडघा दुखतोय म्हणालो. ही माझ्याकडे बघत राहिली. चांगली आठवण राहावी म्हणून सगळं इथे लिहितोय, आणि मागची पानं वाचली की वाटतं हा माणूस बरा लिहितो, कोण आहे?

भीती वाटते. सरळ लिहितो. फार भीती वाटते.

२ डिसेंबर

चिठ्ठी केली. नाव, पत्ता, हिचा फोन नंबर. शर्टाच्या खिशात ठेवली. नानांच्या खिशात मीच ठेवायचो, असाच कागद, असाच चौकोनी घडी केलेला.

४ डिसेंबर

शर्ट धुवायला टाकताना हिला चिठ्ठी सापडली. "हे काय?" सगळं सांगितलं. पाढा, डॉक्टर, नाना. ही मटकन खाली बसली.

"अहो, तो फोटो मी काढला. तुम्ही ओढ्यावर बूट धुवायला गेलात, कॅमेरा माझ्याकडे टाकून."

काच? "मीच लावली. पहिले तीन वाईट आले, पुसले." तुला कसं येतं? "मास्तरीणबाई तुम्हाला शिकवत होत्या तेव्हा मी तिथेच उभी होते की." मग सांगितलं का नाही? "किती वर्षांनी तुम्ही आंघोळ करताना शीळ घालत होतात."

बूट धुतल्याचं आठवतं. कॅमेरा कुणाकडे दिला ते नाही. सव्वीस वर्षं हातातली वस्तू बाजूला धरायची आणि ही घेणार, बघायचं नाही. 

म्हणजे डोकं शाबूत आहे माझं. तीन महिन्यांनी जायला नको. ही रडत होती, मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं — नक्की तूच काढलास ना? आठव बरं नीट.