आरशांचे मशीन आणि एका चुकीची तजवीज

मी, या कागदाच्या शेवटी सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा एकेचाळीस वर्षे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणे, सध्या निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने व स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. मी शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यांनी मला आज कोणता वार ते विचारले. मी वार सांगितला आणि त्यांच्या दाखल्यावर 'शारिरीक' चुकीचे छापले आहे तेही सांगितले. पुढे त्यांनी काही विचारले नाही.

सर्वांची पूर्ण नावे व वये वकिलांनी जोडलेल्या वेगळ्या पानावर आहेत. येथे मी घरात ज्याला जे म्हणतो तेच लिहिले आहे.

कलम १. राहते घर. पहिल्या मजल्यावरील तीन खोल्या, खाली इस्त्रीचे दुकान. घर माझ्या कमाईचे असून त्यावर कर्ज अथवा बोजा नाही. माझ्यामागे ते माझ्या एकुलत्या मुलाचे व्हावे. मात्र मागची खोली वापरण्याचा हक्क माझ्या सुनेचा राहील, तो ती हयात असेपर्यंत, आणि त्या खोलीत काय ठेवायचे हे तिने ठरवायचे. मुलगा मनाने चांगला आहे, पण पसारा दिसला की त्याला विकण्याचे सुचते. पत्नी गेल्यावर दोनच आठवड्यांत त्याने तिचे शिवणयंत्र दारात नेऊन ठेवले होते. ते मी परत आत आणले. म्हणून ही अट.

कलम २. बँकेतील ठेव मुलगा व सून यांना निम्मी निम्मी द्यावी, सुनेचा भाग तिच्या एकटीच्या खात्यात. मुलगा म्हणाला, "बाबा, आमचं दोघांचं एकच आहे ना?" एकच असेल तर दोन खात्यांत ठेवल्याने ते दोन होत नाही.

कलम ३. किरकोळ वस्तू. खिळ्यांची ओळ ज्यात जुळवत असे ती पितळी पट्टी छापखान्यातला माझा दोस्त मशीनमन याला द्यावी. तो ती कागदांवर वजन म्हणून ठेवील. ठेवू दे. छापखाना बंद झाला तेव्हा मालकांनी सगळे खिळे वजनावर मोडीत घातले, आम्हाला एका शब्दाने विचारले नाही. मालकांना माझ्याकडून काही नाही.

वरच्या मजल्यावरील निवृत्त ओव्हरसियर यांनी माझ्या मशीनच्या वासाबद्दल तीन लेखी तक्रारी केल्या. त्यांना धूर बाहेर टाकणारा जुना पंखा द्यावा. तो भयंकर आवाज करतो.

कलम ४. लेझरचे मशीन. पत्नी गेल्यानंतर मी दिवसभर खिडकीत बसून असे. मुलाने हे मशीन आणले, म्हणाला, "बसल्या बसल्या काहीतरी करा." मागच्या खोलीतल्या टेबलावर मावेल एवढे आहे. सून कॉम्प्युटरवर अक्षरे मांडायची, मी आरसे कापून, पुसून, चौकटीत बसवायचो. दोघांनी नारिंगी चष्मे लावले की मुलगा म्हणायचा, "आले, वेल्डिंगवाले सासरे-सून आले."

काम समजून घेतल्याशिवाय पुढचे कलम समजणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. आरसा पालथा ठेवायचा. लेझर त्याच्या पाठीवरचा रंग आणि पारा जाळतो, आणि जळलेल्या जागेतून पुढच्या बाजूने अक्षर दिसते. म्हणजे पाठीवर अक्षरे उलटी जाळली तरच पुढून सरळ वाचता येतात. त्यासाठी कॉम्प्युटरवर एक बटण आहे. ते दाबले की सगळे उलटे होते, पुन्हा दाबले की सरळ.

छापखान्यातला खिळाही उलटा असतो. एकेचाळीस वर्षे मी उलटेच वाचले. आजही वर्तमानपत्र उलटे धरले काय किंवा आरशात दाखवले काय, माझे अडत नाही. सुनेला याचे फार कौतुक होते. शेजारणींना बोलावून मला आरशातून बिले वाचायला लावायची.

मशीन, कॉम्प्युटर, काचा, चष्मे व न विकलेले नऊ आरसे सुनेला द्यावेत.

कलम ५. झालेली चूक. माझ्या धाकट्या बहिणीने नवे घर घेतले तेव्हा दाराशी लावायला तिला मोठा आरसा हवा होता. त्यावर दोनच शब्द: 'या, बसा'. सुनेने अक्षरे मांडली, वळणे तीनदा बदलली, आणि पुठ्ठा आणायला बाहेर गेली. मी पडद्यावर पाहिले. मला 'या, बसा' वाचता आले. वाचता आले म्हणजे सरळ आहे, म्हणजे पोरगी उलटे करायचे विसरली, असे मी धरून चाललो. बटण दाबले, फाइल तशीच जतन केली आणि मशीन सुरू केले. आरसा निघाल्यावर पुढून पाहिला. वाचता आला. ती यायच्या आत कागदात गुंडाळून मी मोकळा झालो.

बहिणीकडे तीसेक माणसे होती. कागद काढला. कोणीतरी म्हणाले, "ही कुठली लिपी म्हणायची?" सगळे हसले. मी म्हणालो, "सूनबाई उलटं करायचं विसरल्या. आमच्या छापखान्यात असली चूक करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दारात उभं केलं नसतं." हे मी मोठ्याने म्हणालो. घरी येऊन सुनेने फाइल उघडली. अक्षरे सरळ होती. मीच तशी जतन केलेली. तिने स्वतःच्या डोळ्यांनी स्वतःची चूक पाहिली, जी तिने केलेलीच नव्हती.

त्या दिवसापासून ती मागच्या खोलीत आली नाही. माझ्याशी बोलणे सोडले नाही, चहा वेळेवर, औषध वेळेवर. पुढे एका दुकानात पत्रिका छापण्याच्या कामाला लागली. तिथली मालकीण भेटली तेव्हा म्हणाली, "काम नेटकं आहे हो, पण प्रत्येक कागद दुसऱ्याला दाखवल्याशिवाय सोडत नाही." घरीसुद्धा वीज मंडळाला साधा अर्ज लिहिला तरी माझ्याकडे आणते. "बाबा, जरा बघता का? माझी नजर चुकते."

चार महिन्यांनी एका शिंपिणीसाठी आरसा करत होतो. सुनेचीच जुनी फाइल होती. पडद्यावर अक्षरे वाचता आली, बोट बटणाकडे गेले, तेव्हा दिसले की ती आधीच उलटी केलेली होती, आणि बहिणीच्या आरशाच्या वेळी काय झाले ते मला लख्ख कळले. मशीन बंद केले. कोणाला सांगितले नाही. त्याला आता चौदा महिने झाले. या चौदा महिन्यांत मी तिचे किमान वीस कागद तपासून दिले. एकातही चूक नव्हती. प्रत्येक वेळी 'ठीक आहे' म्हणालो, याहून जास्त नाही.

तरी मी लिहून देतो की, सदर आरशाची चूक सर्वस्वी माझी आहे व सुनेचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही.

कलम ६. वरील कलम वाचून वकील म्हणाले, "काका, हे चालणार नाही. मृत्युपत्रात मिळकत देता येते. माफी मागणं ही मिळकत नाही."

मी म्हणालो, "मग काय करू?"

"जे हयातीतच द्यायचं असतं, ते हयातीत द्या. आणि हे तुम्ही मेल्यावर वाचून त्या बाईंनी भांडायचं कुणाशी?"

वकिलांची फी मला जास्त वाटली होती. आता वाटत नाही.

म्हणून गेल्या रविवारी दुपारी, मुलगा घरी असताना, मी कलम ५ सुनेला वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "आत्यांना फोन लावा. स्पीकरवर."

लावला. बहीण म्हणाली, "अरे दादा, म्हणजे तूच? मी आरसा काढला नाही, बरं का. पाहुणे हसतात, मजा येते. मी सांगते, आमच्या दादाच्या सुनेनं केलाय."

"आत्या," सून म्हणाली, "आता काय सांगाल?"

"आता दादाचं नाव सांगेन. त्यात काय एवढं?"

"एवढंच. पण प्रत्येकाला सांगा."

फोन ठेवल्यावर मुलगा काहीतरी बोलायला गेला. तिने त्याला हाताने गप्प केले. मला म्हणाली, "चौदा महिने, बाबा. मी त्या दुकानात कागद हातात घेऊन दाराशी उभी राहायचे, कोणी रिकामं दिसतंय का बघत." मग ती निवडलेली भाजी घेऊन आत गेली. तिने मला माफ केले की नाही हे तिने सांगितलेले नाही. मी विचारलेले नाही आणि विचारणार नाही. या मृत्युपत्रातील कोणतीही देणगी त्या उत्तरावर अवलंबून नाही.

कलम ७. या कागदाची आधीची प्रत मी टेबलावर ठेवली होती. मंगळवारी सकाळी पाहिले तर तिच्यात शिसपेन्सिलीने तीन खुणा होत्या. कलम १ मधील 'तहहयात' या शब्दातला एक 'ह' मी गाळला होता, कलम २ मध्ये 'निम्मी' एकदाच लिहिले होते, आणि कलम ४ मध्ये आरसे आठ लिहिले होते, आहेत नऊ. मागच्या खोलीत जाऊन मोजल्याशिवाय हे कळणे शक्य नाही. समासात सुनेचे अक्षर: 'दुरुस्त करा.' खाली प्रश्नचिन्ह नव्हते. 'जरा बघता का' नव्हते. मुलाला विचारले, त्यालाही तिने दाखवले नव्हते.

ज्याला मिळकत मिळणार त्याचे हस्ताक्षर मृत्युपत्रावर नसावे, असे वकिलांचे म्हणणे पडल्याने मी हे सर्व पुन्हा स्वच्छ लिहून काढले आहे. 'तहहयात' लिहिताना पुन्हा चुकू नये म्हणून ते सोप्या शब्दांत लिहिले. तिन्ही दुरुस्त्या बरोबर होत्या.

आम्हा दोघांसमक्ष लिहून देणाऱ्याने वाचून सही केली आणि एकमेकांसमोर आम्हीही केली:

१. साक्षीदार: खालचा इस्त्रीवाला (सही)
२. साक्षीदार: छापखान्यातला माजी प्रुफे तपासणारा (सही; वाचून चूक आढळली नाही)

लिहून देणार: (सही)

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: १९ फेब्रुवारी