डावा पुढचा पाय

बांधाखालचं घर, मंगळवार

प्रिय ओन्नो,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला वाटेल, कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. गुडघे सोडले तर मी धडधाकट आहे, छप्पर जागेवर आहे, आणि समुद्राच्या बांधावरच्या मेंढ्या अजूनही फाटक उघडं दिसलं की थेट माझ्या कोबीत शिरतात. तुझी लेक इम्के काल दुपारपासून माझ्याकडे आहे आणि सुखरूप आहे. तिचं पुढे सांगते. तुला शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे म्हणून बजावते, या खेपेला ओळीने वाच. एकोणचाळीस वर्षांत तुझ्या बहिणीने तुला एक पत्र लिहिलं, तर एवढं ऐकायला काय हरकत आहे?

या घरात तू शेवटचा बसलास तो बाबांच्या मयतीच्या दिवशी. माणसं पांगली होती आणि स्वयंपाकघरात आपण दोघंच उरलो होतो. मी कपात खडीसाखर टाकली, वर चहा ओतला, ती तडतडली, कडेने साय सोडली. आईच्या हातचा असायचा तसाच झाला होता. तू कपाकडे बघत म्हणालास, "टेडा, एकच विचारतो. त्या दिवशी घोडीच्या लगामाची रास घसरली, की तू सोडलीस? काय ते सांग. पुन्हा विचारणार नाही." मी म्हणाले, "घसरली. हाताला घाम होता." तू चहा संपवलास आणि चमचा बशीतून उचलून कपात ठेवलास, म्हणजे आता पुरे, पुढचा कप नको. आपल्याकडे दूध न्यायला येणारा हिनर्ककाकासुद्धा तीन कप घेतल्याशिवाय चमचा कपात ठेवत नसे. तू पहिल्याच कपाला ठेवलास, "निघतो" म्हणालास आणि निघालास ते थेट डोंगराळ मुलखात. जिथे नजर टाकावी तर पुढे काहीतरी आडवं येतं, अशा ठिकाणी तू कसा राहिलास, देव जाणे. नंतर दर नाताळला तुमच्याकडून कार्ड यायचं, पण त्यावर सही तुझ्या बायकोची, रेनाटेची असायची. मी सगळी ठेवली आहेत.

काल आपल्या घोडीचा, फेन्याचा विषय निघाला आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. तुला तिचा जन्म आठवतो? मार्च महिना, बाहेर सगळा चिखल, आणि तिच्या आईने तिला जवळ घ्यायचंच नाकारलं. तू चौदाचा, मी अठराची. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे घरात आईविना आपण दोघं होतो, त्यात ही तिसरी आली. दर दोन तासांनी बाटली पाजायची. तू शाळेच्या गणवेशात गवतात झोपलेला असायचास, आणि ती शिंगरी तुझी टोपी चघळत उभी असायची. मास्तरांनी बोलावून विचारलं तेव्हा तू खुशाल सांगितलंस, "टोपी बहिणीने खाल्ली." त्यावर मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नव्हते. आठवडाभर म्हणजे तेव्हा केवढा मोठा अबोला वाटला होता!

उड्या तिला कुणी शिकवल्या नाहीत. आपल्या शेतांमधून पाण्याचे चर गेलेले, पलीकडे जायचं तर पुलापर्यंत वळसा घाला नाहीतर उडी मारा, आणि वळसा घालणं तुझ्या स्वभावात नव्हतं. तू किती वेळा त्या चरात पडलास याची मोजदाद नाही. एकदा गळ्यापर्यंत शेवाळ माखून आलास, तर बाबा पाइप बाजूला करून एवढंच म्हणाले, "आज घोडी वर होती की तू?" ओहोटीला तुम्ही दोघं उघड्या पडलेल्या समुद्रतळावरून दौडत निघालात की मी बांधावर उभी राहून बघायची. पाखरांचे थवेच्या थवे उठायचे आणि तुमचा ठिपका लहान लहान होत जायचा. माझ्या आयुष्यात मी त्याहून सुंदर काही पाहिलेलं नाही. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण आपल्या घरात असं कोण बोलायचं?

आणि बाबांचा घोडेबाजार! आपण कुंपणावर बसून शेंगदाणे खायचो आणि बाबा घोडी पळवून दाखवायचे. पाय दुखरा असला की रास अगदी तोंडापाशी, आखूड धरायचे. दुखरा पाय टेकताना घोडा मान वर टाकतो; मान हलू दिली नाही तर लंगडणं दिसत नाही. सीमेपलीकडचा तो डच व्यापारी मुल्डर पक्का होता. कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "हाबो, पोरीला एवढं मिठी मारून काय धरलंयस? सोड की जरा, नाचू दे तिला!" सगळा बाजार हसायचा. बाबाही हसायचे, पण रास सोडायचे नाहीत. आपल्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ती विद्या आपण शाळेआधी शिकलो.

मग ते ऑलिंपिक. तू तेविसाचा, फेन्या नऊ वर्षांची, मी तुझी मोतद्दार, घोडीची सगळी देखभाल माझ्याकडे. तुला सगळं ठाऊक आहे, पण मला लिहायचं आहे. माझ्या शेजारच्या खणात एक पोलिश मोतद्दार होता, रोज सकाळी घोड्याला आधी सफरचंद द्यायचा आणि मग उरलेलं अर्धं मला. बाबा गाडीने दीड दिवसाचा प्रवास करून आले, बरोबर काळ्या पावाची लादी आणि धुरावलेली वाम मासळी. सगळ्या डब्याने म्हणे खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. पहिल्या दिवशी चालीच्या परीक्षेत फेन्या आपली बेताचीच. तिला गोल गोल फिरवून घेणारे पंच आवडत नव्हते. पण दुसऱ्या दिवशी रानातल्या दौडीत तिने जे करून दाखवलं, त्यात तिला फक्त आपले चर दिसत असणार. शेवटून दुसऱ्या अडथळ्याला तुझा पाय ओंडक्यावर आपटला, घोटा पावासारखा सुजला, तरी तू वेळेत आलास. तिसरा! संघातला एक जण आधीच बाद झालेला, म्हणजे तुम्ही उरलेले तिघे शेवटपर्यंत टिकलात तरच संघाचं पदक. त्या संध्याकाळी बाबा रडले, आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी, उड्यांआधी कुठला घोडा लंगडत नाही ना हे बघतात त्या तपासणीआधी, मी तिच्या पायांवरून हात फिरवला. डावा पुढचा पाय, नडगीमागची शीर. सूज म्हणावी तर नव्हती, पण करंगळीएवढ्या जागेत ऊब होती. मी तुला बोलावलं. तू लंगडत आलास, हात लावलास, आणि तुलाही कळलं. तुझा चेहरा मी पाहिला ना. तू म्हणालास, "दुपारच्या उड्या फक्त बारा. बारा उड्या ती झोपेतसुद्धा मारील. मला पळवता यायचं नाही, तू धर. आखूड धर, बाबांसारखी." मी "बरं" म्हणाले. एवढंच. "बरं."

तो फरशीचा पट्टा, टोकाला उभे असलेले तीन पंच आणि डॉक्टर, दोरीपलीकडे बाबा, आणि त्यांच्या शेजारी कुबडीवर तू. चालवत नेलं, तेव्हा सगळं ठीक. मग दुडक्या चालीला लावलं. माझी मूठ तिच्या हनुवटीखाली होती. तिचा श्वास माझ्या मनगटावर येत होता, आणि मला कळत होतं की दर दुसऱ्या पावलाला ती मान वर टाकायला बघते आणि मी तिला टाकू देत नाहीये. लहानपणी बाटली पाजताना मी हीच मूठ तिथेच धरायची. ओन्नो, रास घसरली नाही. हाताला घामही नव्हता. मी मूठ उघडली. हातभर रास सोडली, आणि फेन्याने सगळ्या जगासमोर मान हलवली. त्यांनी पुन्हा पळवायला सांगितलं, मी पुन्हा सैल धरूनच पळवलं. "नामंजूर" हा शब्द कर्ण्यावरून आला तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर डॉक्टरने सांगितलं, शीर तिसरा हिस्सा फाटली होती, उडीनंतर तुटलीच असती, आणि मग गोळी घालण्यावाचून इलाज नव्हता. हे तुला बाबांनी कळवलं होतं. तेव्हा घोडीबद्दल मला पश्चात्ताप नाही, आजही नाही. ती आणखी अठरा वर्षं जगली, सहा शिंगरं दिली, आणि म्हातारपणी माझ्या टोप्या खाल्ल्या. पश्चात्ताप तुझ्याबद्दल आहे. मी पहाटे तुझ्याशी भांडायला हवं होतं. "ओन्नो, मी आखूड धरणार नाही, तुला काय करायचं ते कर" असं तोंडावर सांगायला हवं होतं. तू मला शिव्या दिल्या असत्यास, कुबडी फेकली असतीस, आणि मग कदाचित स्वतःच तिला मागे घेतलं असतंस. ती संधी मी तुला दिलीच नाही. "बरं" म्हणाले आणि भर मैदानात तुझ्या हातून निर्णय काढून घेतला. वर बाबांच्या मयतीला तू इतकं सरळ विचारलंस, तेव्हा भित्रेपणा केला. मला वाटलं, घसरली म्हटलं तर तू माफ करशील. तू मला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होतास, हे तुझ्या चमच्यावरूनच मला कळायला हवं होतं.

आता इम्के. काल दुपारी न कळवता ट्रेलर घेऊन दारात उभी, आणि नमस्कार अगदी आपल्या इथला. "मोइन, आत्या, चहा आहे का?" मागे ट्रेलरमध्ये तिची घोडी, नेले नावाची, आपल्या फेन्याची पणती, तसंच कपाळ, तसाच हट्टी खालचा ओठ. तिच्या ऑलिंपिक संघाची शेवटची तपासणी शुक्रवारी आणि खेळ महिन्यावर आलेले, मग ही पोर इथे कशाला? तिनेच म्हटलं, "तुझे हात जरा फिरव ना तिच्या पायांवरून. माझ्यावर माझाच भरवसा नाही." मी फिरवले. डावा पुढचा पाय, ओन्नो. करंगळीएवढी ऊब. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "शुक्रवारी आखूड धरलं, तर निभावून जाईल ना?" हे तिला कुणी शिकवलं ते विचारत नाही, आपल्या रक्तातच असणार. मग चहा घेताना म्हणाली, "बाबा नेहमी सांगतात, आत्याच्या हातून रास घसरली म्हणून फेन्या वाचली. वर्तमानपत्रवाल्यांना तेच, संघातल्या जुन्या लोकांना तेच. एकदा एक जण म्हणाला, तुझ्या बहिणीने मुद्दाम केलं असेल, तर बाबा त्याच्या अंगावर धावून गेले. आत्या, खरंच नशिबाने घसरली होती का गं?"

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही, तरी लिहिते. इतकी वर्षं मी समजत होते की तू तिकडे माझ्यावर दात धरून बसला आहेस. आणि तू काय केलंस, तर माझं खोटं, खोटं आहे हे माहीत असून, माझ्यासाठी सगळ्या जगापासून सांभाळलंस, पोटच्या मुलीपासूनसुद्धा. मी इम्केला खरं सांगितलं. ती तीन कप चहा प्यायली. आज सकाळी तिने आपणहून संघाला फोन करून घोडीला मागे घेतलं. माझ्यासारखं गुपचूप नाही, स्वतःच्या तोंडाने. आता ती फेन्याच्या कुरणात उभी राहून घोडीच्या पायावर गार पाण्याची नळी धरते आहे. मघाशी मी खिडकीतून पाहिलं, तर दोघींची डोकी एकमेकींना टेकलेली होती.

तुला फोन कर म्हटलं तर म्हणते, "काय सांगू? बाबांना वाटेल, पुन्हा तेच झालं." मग मीच तिच्याकडून गुरुवारपर्यंत फोन न करण्याचं वचन घेतलं आहे, कारण तोवर हे पत्र तुझ्या हातात पडेल. जे तुला मी एकोणचाळीस वर्षांपूर्वी या टेबलाशी सांगायला हवं होतं, ते तुझ्या मुलीला आधी कळलं. निदान तिच्या तोंडून तरी तुला कळू नये, म्हणून हे लिहिलं. आणि आणखी एका कारणाने. ऑलिंपिकच्या दारातून परतल्यावर काय वाटतं, हे तिला मी सांगू शकत नाही. मी फक्त रास धरली होती. ते तुलाच ठाऊक आहे, आणि तुला तेव्हा ते बोलायला कुणी नव्हतं, मी नव्हते. तिला तू हवा आहेस. पत्र वाचलंस की गाडीत बस. खडीसाखर भरपूर आहे, साय ताजी आहे. हवं तर पहिल्या कपाला मला शिव्या दे, दुसऱ्या कपाला गप्प बस, पण तिसरा कप होईपर्यंत चमचा बशीतच राहू दे.

तुझीच,
टेडा